संख्यावाचक शब्दांची साक्ष

मनुष्य गांव बदलतो, वेष बदलतो, प्रसंगीं राजाहि बदलतो. परंतु एक, दोन, तीन हे शब्द तो सहसा बदलीत नाहीं. आईच्या मांडीवर बसून बोटें मोजतांना जे शब्द जिभेवर आले ते बहुधा शेवटपर्यंत तेथेंच राहतात. परक्या मुलखांत उभा जन्म काढलेला मनुष्य दिवसभर तेथील भाषा बोलेल, पण पैसे मोजावयास बसला म्हणजे नकळत आपल्या मातृभाषेवर येईल. यामुळें दोन भाषांचें नातें तपासावयाचें असतां विद्वान् लोक संख्यावाचक शब्दांस अगोदर साक्षीस बोलावितात. ही रीत योग्यच आहे. मात्र साक्षीदार चांगला असला म्हणून न्यायाधीशानें डोळे मिटून चालत नाहीं. आणि आमच्याकडे या साक्षीदाराची उलटतपासणी फारशी कोणी करीत नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें.

इब्री भाषेंत सहास ‘शेश’ व सातास ‘शेबअ’ म्हणतात. संस्कृतांत ‘षष्’ व ‘सप्त’ आहेत. हे चार शब्द शेजारीं शेजारीं मांडून ‘पाहा, इब्री ही संस्कृताचीच मुलगी!’ असा निकाल देणारे गृहस्थ व्याख्यानांत, वर्तमानपत्रांत आणि शिक्षकांच्या खोलींतहि भेटतात. याच्या उलट, इब्री ही एदेन बागेंतील मूळ भाषा असून जगांतील यच्चयावत् भाषा तिच्यापासून निघाल्या, असें मानणारा पक्ष युरोपांतील ख्रिस्ती पंडितांत शतकानुशतकें नांदत होता, आणि त्याचे अवशेष आमच्या मंडळ्यांतून अद्यापि अगदींच गेलेले नाहींत. दोन्ही पक्षांचे निकाल परस्परविरुद्ध आहेत. चूक मात्र एकच आहे. आपणांस प्रिय असलेल्या भाषेस आईच्या आसनावर बसविण्याची घाई, ही ती चूक होय. सेमिटिक भाषांतील संख्यावाचक शब्दांचीं मूळ रूपें विद्वानांनीं कशीं शोधून काढलीं हें पाहिलें असतां ही घाई किती व्यर्थ आहे तें कळतें. आणि साक्षी मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात, हा धडाहि मिळतो.

सेमिटिक हें नांव उत्पत्तीच्या पुस्तकांतील शेम याच्या नांवावरून इ. स. १७८१ त श्लोत्सर नामक जर्मन इतिहासकारानें प्रचारांत आणिलें. या कुळांत इब्री, अरबी, अरामी व गीझ, म्हणजे हबशी लोकांची धर्मभाषा, या भाषा पूर्वींपासून ठाऊक होत्या. पुढें बाबेल व अश्शूर येथील अक्कडी भाषा वाचतां येऊं लागली. १८५७ त लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनें एकच नवा लेख रॉलिन्सन, हिंक्स, टॅल्बट आणि ऑपर्ट या चौघांकडे दिला. चौघांनीं तो एकमेकांस न दाखवितां भाषांतरिला, आणि मुख्य अर्थ जुळल्यामुळें वाचन खरें ठरलें. दक्षिण अरबस्तानांतील शबाच्या राज्याचे सबाई शिलालेख वाचले गेले, आणि ओमान व येमेन या देशांत बोलली जाणारी मेहरी ही भाषाहि पुराव्यांत आली. या सर्व बहिणी होत. त्यांची आई कोणतें एक पुस्तक किंवा एक शिला मागें ठेवून गेलेली नाहीं. तिचे शब्द मुलींच्या तोंडून गोळा करावे लागतात. अशा गोळा केलेल्या रूपापुढें विद्वान् लोक एक तारका छापतात. तिचा अर्थ असा कीं, हें रूप कोठें लिहिलेलें सांपडलेलें नाहीं, तें पुराव्यावरून सिद्ध केलेलें आहे.

आतां ही सिद्धि कशी होते तें तीन संख्यांवरून पाहूं. सात : इब्री ‘शेबअ’, अरबी ‘सबअ’, अरामी ‘श्बअ’. आठ : इब्री ‘शमोने’, अरबी ‘थमानी’, अरामी ‘तमाने’. दहा : इब्री ‘एसेर’, अरबी ‘अश्र’, अरामी ‘असर’. येथें अरबी ‘थ’ चा उच्चार आपल्या ‘थ’ सारखा नसून इंग्रज लोक ‘थिंक’ म्हणतांना करितात तसा समजावा. विद्यार्थ्यांनीं हे नऊ शब्द एका पाटीवर उतरून घ्यावे. सातांत श, स, श ही जोडी आहे. आठांत श, थ, त. आणि दहांत स, श, स. या जोड्या एकट्यादुकट्या नाहींत. सातासारखी जोडी ‘शांति’ या शब्दांत आहे : शालोम, सलाम, श्लामा. आठासारखी ‘बैल’ या शब्दांत : शोर, थौर, तोरा. दहासारखी ‘केस’ या शब्दांत : सेआर, शअर, सअरा. शेंकडों शब्दांत हाच नियम चालतो. ज्या अर्थीं जोड्या तीन आहेत व त्या एकमेकींत मिसळत नाहींत, त्या अर्थीं आईच्या घरीं येथें तीन निरनिराळे उच्चार होते, असें मानल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, इब्री हीच आई मानिली तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. इब्रींत सात व आठ या दोन्ही शब्दांच्या आरंभीं एकच ‘श’ आहे. मग अरबी मुलीनें साताच्या ‘श’ चा ‘स’ करावा आणि आठाच्या ‘श’ चा ‘थ’ करावा, हें तिला कोणीं सांगितलें? आईनें जे दोन दाणे एकाच पिठांत दळून टाकिले, ते मुलीस वेगळे करितां येत नाहींत. दोन वस्तूंची एक होणें सोपें आहे. एकीच्या दोन, त्याहि शेंकडों शब्दांत न चुकतां, होणें अशक्य आहे. तेव्हां या बाबतींत अरबीनें जुना भेद राखिला व इब्रीनें तो गमाविला. परंतु अरबीच्या अभिमान्यांनीं एवढ्यावरून हर्षित होऊं नये. इब्रींत साताचा ‘श’ आणि ‘बांधणें’ या अर्थाच्या ‘आसार’ मधील ‘स’ हे वेगळे आहेत. अरबीनें ते दोन्ही ‘स’ करून टाकिले. एका ठिकाणीं धाकटीनें जपलें, दुसऱ्या ठिकाणीं थोरलीनें. वडिलार्जित सर्व ठेव जिच्यापाशीं शाबूत आहे अशी एकहि मुलगी या कुळांत नाहीं.

भेद कसा नाहींसा होतो याचें एक उदाहरण आमच्या महाराष्ट्राच्या दप्तरांतच आहे, आणि तें आमच्या वाचकांस पटण्यासारखें आहे. राजवाडे यांनीं १८९८ पासून प्रसिद्ध केलेले मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड ज्यांनीं चाळले असतील त्यांस शुहूर सन परिचित असेलच. हा सन मृगाबरोबर बदलतो, आणि त्याचीं वर्षें अरबी संख्यावाचक शब्दांत लिहीत असत : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा, अशर. पानिपतचें युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजीं झालें, तें वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’. म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अकराशें एकसष्ट. त्यांत ६०० मिळविले कीं १७६१ येतात. वर्षाच्या पहिल्या भागांत, मृगापासून डिसेंबरअखेर, ५९९ मिळवावे लागतात. हजारों मराठी कारकुनांनीं मोडी अक्षरांत हे सेमिटिक शब्द रोज लिहिले. पण त्यांच्या लेखणींत सात ‘सबा’ झाला आणि आठ ‘समान’. दोहोंच्या आरंभीं ‘स’. मूळ अरबींत आठाचा आद्य वर्ण ‘थ’ आहे. परंतु हे शब्द फारशी मुनशांच्या तोंडून आले, आणि फारशींत तो ‘थ’ नाहीं, त्याचा ‘स’ होतो. उद्यां अरबी भाषा जगांतून नाहींशी झाली आणि केवळ पेशवे दप्तर उरलें, तर कोणी पंडित म्हणेल कीं, अरबींत सात व आठ यांचा पहिला वर्ण एकच होता. इब्रीच्या ‘श’ वरून मूळ भाषेविषयीं जो अनुमान करितो, त्याची स्थिति या पंडितासारखीच आहे.

याच दप्तरांतून दुसराहि बोध घ्यावयाचा आहे. ‘सलास’ व ‘खमस’ हे शब्द मराठी कागदांत दीडदोनशें वर्षें वावरले, म्हणून मराठी भाषा सेमिटिक कुळांतली झाली काय? मुळींच नाहीं. ते उसने आलेले शब्द होत. राज्यकारभाराच्या वाटेनें आले, राज्यकारभाराबरोबर गेले. यावरून संख्यावाचक शब्दसुद्धां उसने घेतले जातात, हें सिद्ध होतें. तेव्हां केवळ साम्य दाखवून नातें सिद्ध होत नाहीं. तें साम्य वारशानें आलें कीं उसनवारीनें आलें, हा प्रश्न आधीं सोडवावा लागतो.

तारकांकित रूपें म्हणजे विद्वानांच्या कल्पनेचे खेळ होत, असा एक आक्षेप वारंवार ऐकूं येतो. त्यास उत्तर देण्याचें काम सीरियाच्या किनाऱ्यावरील एका प्राचीन नगरानें केलें आहे. १९२८ त तेथें शेत नांगरतांना एका शेतकऱ्यास एक थडगें लागलें, आणि १९२९ त क्लोद शेफर यांच्या देखरेखीखालीं उत्खनन सुरू झालें. हेंच उगारित नगर होय. येथें मातीच्या विटांवर तीस चिन्हांची एक अपूर्व लिपि सांपडली, आणि बाउअर, दोर्म व विरोलो यांच्या प्रयत्नांनीं १९३० पासून ती वाचतां येऊं लागली. हे लेख इसवी सनापूर्वीं चौदाव्या व तेराव्या शतकांतले आहेत. त्यांत सातास एक चिन्ह व आठास दुसरें चिन्ह आरंभीं आहे. अरबी व इब्री यांच्या तुलनेवरून जे दोन वर्ण मूळांत वेगळे असले पाहिजेत असें भाषाशास्त्रज्ञ पूर्वींच म्हणत होते, ते येथें वेगळे लिहिलेले आढळले. ब्रोकेलमान याचें सेमिटिक भाषांचें तुलनात्मक व्याकरण १९०८ ते १९१३ या काळांत छापलें गेलें, म्हणजे उगारितची पहिली वीट मिळण्याच्या अगोदर. जें अनुमान नव्या पुराव्याच्या कसोटीस असें उतरतें, त्यास कल्पनेचा खेळ म्हणणें न्यायाचें नव्हे.

आतां खरा कठीण खटला घेऊं. तीन या संख्येस अरबींत ‘थलाथ’, अरामींत ‘तलाथ’, इब्रींत ‘शालोश’ म्हणतात, आणि उगारितींतहि पहिला व तिसरा वर्ण एकच आहे. वरील नियमाप्रमाणें आठाच्या आरंभीं जो ‘थ’ तोच येथें दोनदां आहे, आणि चौघे साक्षीदार मूळ रूप ‘थलाथ’ होतें असें एकमुखानें सांगत आहेत. पण गीझ भाषा येथें पहिला वर्ण वेगळा देते; तो तिच्यांत दहाच्या शब्दांत येतो, म्हणजे तिसऱ्या जोडीचा. जुने सबाई शिलालेखहि तसाच देतात, आणि मेहरी बोलणारे लोक तसाच उच्चारितात. या वर्णाचा मूळ उच्चार जिभेच्या कडेनें वारा सोडून करावयाचा, कांहींसा ‘ल’ कडे झुकणारा होता. इब्रीनें त्याचा साधा ‘स’ केला. पण पवित्र शास्त्रांत जे ‘खास्दी’ म्हणून येतात तेच लोक अक्कडी लेखांत ‘कल्दू’ आहेत, ही ‘स’ व ‘ल’ यांची अदलाबदल त्याच जुन्या उच्चाराची खूण होय. या लेखापुरता तो वर्ण ‘ल्श’ असा लिहूं. मग प्रश्न असा उरतो कीं, मूळ रूप ‘थलाथ’ कीं ‘ल्शलाथ’?

मतें मोजलीं तर ‘थलाथ’ चा जय आहे. परंतु मतें मोजूं नयेत. पहिली गोष्ट अशी कीं, ‘थलाथ’ म्हणणाऱ्या चारहि भाषा एकमेकींच्या निकटच्या आप्त व शेजारी आहेत. एका आळींत उठलेली वदंता चौघांनीं सांगितली म्हणून ती चार साक्षी होत नाहींत. दुसरी गोष्ट, ‘ल्शलाथ’ चें ‘थलाथ’ कसें झालें हें सहज समजतें. शब्दाच्या शेवटीं येणाऱ्या ‘थ’ साठीं जीभ आधींच तयार होते आणि पहिल्या वर्णासहि ओढून घेते. असें आपल्या संस्कृतांतहि घडलें आहे. सासरा या अर्थाचा शब्द मुळांत ‘स्वशुर’ असला पाहिजे. अवेस्ता व लॅटिन यांतील त्याचीं भावंडें तेंच सांगतात. पण पुढल्या ‘श’ नें मागल्या ‘स’ ला आपल्यासारखें केलें व ‘श्वशुर’ हें रूप झालें. याच्या उलट, ‘थलाथ’ मधील दोन सारख्या ‘थ’ पैकीं पहिल्याचाच नेमका ‘ल्श’ कां व्हावा, यास असें सहज कारण दिसत नाहीं. तिसरी आणि सर्वांत भारी गोष्ट ही कीं, सबाई लेखांत हा बदल डोळ्यांदेखत झालेला दिसतो. जुन्या शिलांवर ‘ल्श’ चें रूप आहे. पुढच्या काळांतल्या शिलांवर ‘थ’ चें. प्रवाह कोणत्या दिशेनें वाहतो हें शिलांनींच दाखविल्यावर बहुमताचें काय चालणार? पवित्र शास्त्राच्या हस्तलिखितांचा अभ्यास करणारे विद्वान् हाच न्याय पाळतात. एका सदोष प्रतीवरून शंभर नकला झाल्या तरी त्या शंभर साक्षी नव्हेत.

सहा या संख्येकडे वळलें म्हणजे ‘शेश’ आणि ‘षष्’ यांच्या साम्याचा निकाल लागतो. अरबींत सहास ‘सित्त’ म्हणतात, पण सहाव्यास ‘सादिस’ व सहाव्या हिश्शास ‘सुद्स’. म्हणजे मुख्य शब्दांतून लुप्त झालेला ‘द’ त्याच्या कुटुंबांत जिवंत आहे. गीझच्या ‘सदस्तू’ मध्यें ‘द’ स्पष्ट आहे. जुन्या सबाई लेखांतहि आहे. इब्रींत पुरुषवाचक नामाबरोबर ‘शिश्शा’ असें जें रूप येतें, त्यांतील जोड ‘श्श’ हा त्या गिळलेल्या ‘द’ चाच व्रण होय. हे सर्व पुरावे जुळवून मूळ रूप ‘शिद्थ’ असें ठरतें. आतां आपल्या बाजूकडे पाहावें. संस्कृत ‘षष्’, अवेस्ता ‘ख्श्वश्’, ग्रीक ‘हेक्स’, लॅटिन ‘सेक्स’ यांच्या तुलनेवरून या कुळाचें जुनें रूप ‘स्वेक्स’ अशा धर्तीचें होतें असें ठरलें आहे. ‘शेश’ व ‘षष्’ हे जुळे भाऊ वाटत होते. ‘शिद्थ’ व ‘स्वेक्स’ यांत आद्य ऊष्म वर्णावांचून काय साम्य उरलें? खऱ्या नातलगांचें साम्य मागें जावें तसें वाढतें. इंग्रजी ‘फाइव्ह’ व मराठी ‘पांच’ आज किती दूरचे दिसतात. पण मागें गेलें कीं एकत्र येतात. ज्यांचें साम्य मागें जातां जातां विरघळतें, त्यांचें नातें नव्हे, ती योगायोगाची भेट होय.

सातासंबंधानें मात्र प्रामाणिकपणें इतकें सांगितलें पाहिजे कीं, सेमिटिक ‘शबअ’ व आर्य कुळांतील ‘सेप्तम्’ यांचा कांहीं संबंध असावा कीं काय, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. अतिप्राचीन काळीं हा शब्द सेमिटिक लोकांकडून दुसऱ्या कुळांत उसना गेला, असें कांहींचें मत आहे. इतरांस तें मान्य नाहीं. पण तें मत खरें मानिलें तरी इब्री ही संस्कृताची मुलगी ठरत नाहीं. उलट शब्दाचा प्रवास दुसऱ्याच दिशेनें झाला असें होतें, आणि तोहि शुहूर सनांतील शब्दांप्रमाणें उसनवारीचा. आमच्या अभिमानास यांतून कांहींच मिळण्यासारखें नाहीं.

मग सेमिटिक भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत, उसनवारीच्या गिऱ्हाइकें नव्हेत, हें कशावरून? याचें उत्तर एका विलक्षण चालींत आहे. या भाषांत तीनपासून दहापर्यंतचे शब्द नामाच्या लिंगाच्या उलट रूप घेतात. इब्रींत ‘तीन पुत्र’ म्हणतांना संख्येस स्त्रीलिंगी प्रत्यय लागतो : ‘शलोशा बानीम’, आणि ‘तीन कन्या’ म्हणतांना प्रत्यय नाहीं : ‘शालोश बानोत’. मराठींत ‘तिघी पुरुष’ व ‘तिघे बायका’ म्हणावें, तसाच हा प्रकार. अरबींत हीच चाल आहे, अरामींत आहे, हजारों वर्षांपूर्वींच्या अक्कडींतहि आहे. शुहूर सनांतसुद्धां तिची खूण उरली आहे. वर्ष या अर्थाचा अरबी ‘सना’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणून एकाचें रूप स्त्रीलिंगी ‘इहिदे’, पण तीनाचें रूप प्रत्ययावांचून ‘सलास’. शब्द उसना घेतां येतो. परंतु अशी तर्कास न जुमानणारी, शिकणाऱ्याच्या नाकीं नऊ आणणारी चाल बाजारांतून कोणी उसनी आणीत नाहीं. ती घरांतूनच येते. नात्याचा पुरावा दिसण्यांत नसतो, अशा संवयींत असतो.

या शोधाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. एक या संख्येस बहुतेक भाषांत ‘एहाद’, ‘अहद’ या वळणाचे शब्द आहेत, पण अक्कडींत ‘इश्तेन’ आहे. आणि या दुसऱ्या शब्दाचें भावंड इब्रींत केवळ अकरा या संख्येच्या ‘अश्ते असार’ या एका नांवांत लपून राहिलें आहे. मूळांत दोन्ही शब्द असावेत. कोणता कोठें चालत असे हें ठरविणें कठीण आहे. दोनास अरामींत ‘त्रेन’ म्हणतात, तेथें ‘न’ चा ‘र’ झाला आहे. पुत्र या अर्थीं इब्रींत ‘बेन’ व अरामींत ‘बार’ होतें तसेंच हें; बन्यामीन व बार्तीमय या नांवांत वाचकांस दोन्ही भेटतात. हजाराविषयीं तर बहिणींचें एकमत नाहीं : इब्री ‘एलेफ’, अरबी ‘अल्फ’, अक्कडी ‘लीम’, आणि गीझमध्यें ‘इल्फ’ म्हणजे दहा हजार, हजारास तेथें ‘दहा शतें’ म्हणतात. यावरून मूळ भाषिकांची मोजणी शंभरापर्यंत पक्की होती, हजाराची तशी नव्हती, असें अनुमान निघतें. शिवाय अक्कडी लेखक व्यापाराच्या व कोठाराच्या हिशोबांत बहुधा अंकचिन्हें काढीत, शब्द लिहीत नसत. ‘५’ हें चिन्ह वाचून मराठी मनुष्य पांच म्हणतो कीं इंग्रज फाइव्ह म्हणतो, हें चिन्ह सांगत नाहीं. लाखों बैल व पोतीं मोजलेलीं आहेत, पण मोजणाऱ्याचा आवाज क्वचितच ऐकूं येतो. उगारिती लिपींत तर व्यंजनेंच प्रायः लिहीत, स्वर बहुधा अनुमानानें बसवावे लागतात.

हें सर्व शाळेच्या वार्षिकांत कां लिहावें, असें कोणी विचारील. १८३२ त डॉ. जॉन विल्सन यांनीं इब्री व्याकरण मराठींतून छापलें, तें कोंकणांतील बेने इस्राएल लोकांच्या उपयोगासाठीं. तेव्हां मराठींतून या भाषांचा विचार करणें ही नवीन गोष्ट नव्हे. परंतु माझें मुख्य कारण वेगळें आहे. आमचे विद्यार्थी मराठी, संस्कृत, हिंदी, इंग्रजी अशा तीन चार भाषा शिकतात. त्या भाषांतील संख्यावाचक शब्दांचें एक कोष्टक फळ्यावर लिहून नियम शोधावयास लाविलें, तर एका तासांत जें शिक्षण होईल तें पुस्तकाच्या पन्नास पानांनीं होणार नाहीं. मुलगा स्वतः साक्षी घेईल, तोलील व निकाल देईल. आज तो भाषेविषयीं निकाल देईल. उद्यां मनुष्यांविषयीं, जातींविषयीं, धर्मांविषयीं द्यावा लागेल. तेथेंहि आपल्या पक्षाचा पुरावा गोड लागतो आणि चौघे एका सुरानें बोलले म्हणजे खरें वाटतें.

ख्रिस्ती शिक्षकानें तर हें विशेष लक्षांत ठेवावें. इब्री भाषेचा मान ती सर्व भाषांची आई आहे म्हणून नाहीं. तींत जें लिहिलें गेलें त्यासाठीं आहे. संस्कृताचा मानहि तसाच तिच्या वाङ्मयामुळें व व्याकरणामुळें आहे. त्यास खोट्या वंशावळीची जोड नको. १७८६ त कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम बहुधा नष्ट झालेल्या एका तिसऱ्याच भाषेंतून असावा असें म्हटलें, तेव्हां त्यांनीं संस्कृताची स्तुति करण्यांत कांहीं उणें केलें नव्हतें.

विद्यार्थिमित्रांनो, यापुढें कोणी दोन भाषांतील दोन सारखे शब्द दाखवून मोठा निकाल देऊं लागला, तर त्यास नम्रपणें तीन प्रश्न विचारा. हें साम्य एका शब्दांत आहे कीं नियमानें अनेक शब्दांत आहे? मागें जातां तें वाढतें कीं घटतें? आणि शब्द उसना आला नाहीं, हें आपण कशावरून म्हणतां? तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, तर निकाल आपल्या अभिमानाच्या विरुद्ध असला तरी आनंदानें मान्य करा. न मिळालीं, तर तो कितीहि गोड असला तरी थांबा. इतकी संवय आमच्या वर्गांतून लागली, तर प्राचीन लोकांनीं बोटांवर मोजलेले ते दहा शब्द आमच्या मुलांच्याहि उपयोगीं पडले असें होईल.